बिनतारी बोलण्यातील पाळ्या



आजच्या विषयाच्या नावात 'पाळी' हा शब्द मी मुद्दाम घेतला आहे. कालव्याच्या पाण्याची पाळी आपल्या परिचयाची आहे. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी फड पद्धतीने जे पाटपाणी चालत आले, त्यात कोणत्या शेताला पाणी केव्हा मिळावयाचे हे ठरलेले असते, आणि ते ज्याने सोडावयाचे तो पाटकरीही ठरलेला असतो. पाणी एक, घेणारे अनेक, म्हणून पाळी. बिनतारी संदेशांचे गणित थेट असेच आहे. फरक एवढाच की तेथे पाण्याऐवजी वेळ वाटावयाचा असतो, आणि ज्या जाळ्यांविषयी मी बोलणार आहे त्यांत पाटकरीच नसतो. पाटकऱ्यावाचून पाळ्या लावावयाच्या कशा, हा आपला प्रश्न.

आपल्या खिशातील टेलिफोनला हा प्रश्न पडत नाही. त्याचा पाटकरी म्हणजे गावोगावी उभा असलेला टॉवर. कोणी केव्हा बोलावे हे तो सांगतो आणि फोन निमूटपणे ऐकतो. परंतु भूकंपात टॉवर कोसळल्यानंतर मदतीला धावलेली पथके, रानात विखरून ठेवलेली हवामानाची यंत्रे, किंवा भर समुद्रातील जहाजे यांच्यामध्ये टॉवर कोठून असणार? ही सारी आयत्या वेळी जमलेली मंडळी. एक आला, दुसरा गेला, तिसरा वळला. अशा जाळ्याला ना मध्य, ना मालक. त्यांतील जहाजांचे उदाहरण मी आज धरून चालणार आहे, कारण तेथे 'टक्कर' या शब्दाला दोन अर्थ आहेत आणि दोन्ही खरे आहेत.

7 ऑगस्ट 2010 रोजी सकाळी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एम.एस.सी. चित्रा' आणि 'खलिजिया 3' ही दोन जहाजे एकमेकांवर आदळली. 'चित्रा' कलंडले, त्यावरील अवजड पेट्या समुद्रात कोसळल्या, तेल पसरत किनाऱ्याला लागले, आणि मुंबई व न्हावाशेवा या दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस अडून राहिली. ही लोखंडाची टक्कर. ती टळावी म्हणून जहाजे एकमेकांना सतत सांगत असतात की मी अमुक, अमुक ठिकाणी आहे, अमुक दिशेने अमुक वेगाने चाललो आहे. हे सांगणे बिनतारी लहरींवरून चालते, आणि तेथे दुसरी टक्कर उभी राहते: दोन जहाजे एकाच क्षणी, एकाच लहरीवर बोलली तर ऐकणाऱ्याच्या कानी दोघांपैकी कोणाचेच धड येत नाही. ही शब्दांची टक्कर न टाळली तर ती लोखंडाची टक्कर टाळण्याचे एक साधन हातचे जाते.

पाळी न लावता, ज्याला वाटेल त्याने वाटेल तेव्हा बोलावे, असे केले तर काय होईल? हा प्रयोग खरोखरच झालेला आहे. हवाई बेटांवरील विद्यापीठात नॉर्मन अब्राम्सन आणि त्यांचे सहकारी यांनी 1971 साली 'अलोहा' नावाचे बिनतारी जाळे सुरू केले. होनोलुलूच्या मुख्य संगणकाशी बेटाबेटांवरील यंत्रांनी बोलावे, आणि संदेश पोहोचल्याची पावती न आली तर थोडा वेळ थांबून पुन्हा पाठवावा, एवढाच त्याचा नियम. नियम साधा, पण त्याचा हिशेब डोळे उघडणारा आहे. समजा प्रत्येक संदेशाला एक क्षण लागतो. माझा संदेश सुखरूप पोहोचावयाचा तर माझ्या आधीच्या एका क्षणात कोणी सुरू केलेला नसावा, कारण त्याचे शेपूट माझ्या तोंडाशी भिडेल. आणि माझे चालू असताना त्या एका क्षणातही कोणी सुरू करता कामा नये. म्हणजे एका क्षणाच्या बोलण्याला दोन क्षणांची शांतता हवी. याचे गणित मांडले की असे निघते की, जास्तीत जास्त शेकडा 18 इतकाच वेळ सत्कारणी लागतो. उरलेला शांततेत किंवा गोंधळात जातो.

यावर लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी 1972 मध्ये एक साधी सुधारणा सुचविली. सर्वांनी घड्याळे जुळवावीत, काळाचे सारखे खण पाडावेत, आणि बोलावयाचे ते खणाच्या सुरुवातीलाच. आता शेपूट तोंडाला भिडत नाही. टक्कर झाली तर पुरती, नाही तर मुळीच नाही. दोन क्षणांच्या जागी एका क्षणाची शांतता पुरते, आणि उपयोगी वेळ दुप्पट, म्हणजे शेकडा 36 च्या थोडा वर जातो. नुसती घड्याळे जुळविल्याने काम दुप्पट! आमच्या कचेऱ्यांनी हे उदाहरण भिंतीवर लावून ठेवावे असे आहे. परंतु जवळजवळ दोन तृतीयांश वेळ वाया जातो तो जातोच.

येथे कोणीही शहाणा माणूस विचारील, की बोलण्यापूर्वी ऐकावे हे लहान मुलालाही आपण शिकवतो. यंत्रांना ते का शिकवू नये? शिकवले आहे. कोणी बोलत असेल तर गप्प राहा, शांतता झाली की बोल, ही पद्धत पुष्कळ ठिकाणी चालते आणि चांगली चालते. परंतु तिच्यात एक खोट आहे, आणि ती खोट समजली की आजचा अर्धा विषय समजला. 1975 साली फुआद तोबागी आणि लेनर्ड क्लाइनरॉक यांनी तिचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. समुद्रावर तीन जहाजे एका ओळीत आहेत अशी कल्पना करा: पश्चिमेला एक, मध्ये एक, पूर्वेला एक. शेजाऱ्या-शेजाऱ्यांत पंधरा मैलांचे अंतर आहे आणि लहर पोहोचते वीस मैल. मधल्याला दोन्ही टोकांचे ऐकू येते, पण टोकांच्या जहाजांत तीस मैलांचे अंतर असल्याने त्यांना परस्परांची गंधवार्ता नाही. पश्चिमेचा कान देतो, शांतता आहे असे पाहतो आणि बोलू लागतो. पूर्वेचाही कान देतो, त्यालाही शांतताच दिसते, तोही बोलू लागतो. दोघांनीही सभ्यता पाळली आणि मधल्याच्या कानात मात्र कालवाकालव झाली. टक्कर बोलणाऱ्याच्या ठिकाणी होत नाही, ऐकणाऱ्याच्या ठिकाणी होते. आणि बोलणाऱ्याला ती ऐकू येत नाही. स्वतः बोलत असताना तर त्याला काहीच ऐकू येत नाही, कारण दूरवरून आलेली लहर त्याच्या स्वतःच्या आवाजापेक्षा कोट्यवधी पटींनी क्षीण असते. ढोल बडविणाऱ्याने पलीकडच्या गल्लीतील कुजबुज ऐकावी तसे ते होईल.

तेव्हा आयत्या वेळचे ऐकणे पुरेसे नाही. आधी ठरवून पाळ्या लावावयास हव्यात. त्या कोणत्या नियमाने? वरच्या उदाहरणातूनच नियम निघतो. दोन केंद्रांना एकच खण देता येईल, पण केव्हा? ती एकमेकांना ऐकू येत नसतील तेव्हा, आणि शिवाय त्या दोघांनाही ऐकणारा असा तिसरा कोणी नसेल तेव्हा. शेजारी चालत नाही, आणि शेजाऱ्याचा शेजारीही चालत नाही. त्यापलीकडचा खुशाल चालतो. जहाजांची मोठी रांग लागली आहे आणि प्रत्येकाला फक्त पुढच्याचे व मागच्याचेच ऐकू येते असे समजा. पहिल्याला पहिला खण, दुसऱ्याला दुसरा, तिसऱ्याला तिसरा, आणि चौथ्याला पुन्हा पहिला! पहिल्याचे बोलणे दुसऱ्यापर्यंतच जाते, चौथ्याचे तिसऱ्यापर्यंत. दोघे एकाच वेळी बोलले तरी कोणाच्याही कानात दोन आवाज येत नाहीत. रांगेत दहा जहाजे असोत की दहा हजार, तीन खण पुरतात. उलट, एका जहाजाभोवती दहा जहाजे असतील, आणि त्या दहांना परस्परांचे ऐकू येत नसले तरी मधल्याला सर्वांचे येत असेल, तर अकरा जणांना अकरा वेगळे खण हवेत. म्हणजे खणांची संख्या जहाजांच्या एकूण संख्येवर नव्हे, दाटीवर ठरते.

गणितज्ञ याला नकाशा रंगविण्याचे कोडे म्हणून ओळखतील. खण म्हणजे रंग, आणि शेजाऱ्याला व शेजाऱ्याच्या शेजाऱ्याला वेगळा रंग हवा. येथे एक आशादायक आणि एक निराशाजनक अशा दोन गोष्टी सांगतो. आशादायक ही, की कोणाही केंद्राला जास्तीत जास्त सहा शेजारी असतील तर त्या सहांचे प्रत्येकी आणखी पाच, म्हणजे सहा अधिक तीस मिळून फार तर छत्तीस जणांशी त्याचा तंटा होऊ शकतो. तेव्हा सदतीस खण असले की एकेकाने येऊन जो मोकळा दिसेल तो खण घ्यावा, कोणीही उपाशी राहणार नाही. फारशा हुशारीची गरज नाही. निराशाजनक ही, की सदतिसांऐवजी कमीत कमी किती खणांत भागेल हे नेमके काढावयाचे म्हटले, तर केंद्रे वाढतील तसे उत्तर झटपट देणारी रीत कोणालाही सापडलेली नाही. हे कोडे गणितातील कुप्रसिद्ध कठीण कोड्यांच्या वर्गात बसते, असे अँथनी एफ्रेमिडिस आणि त्यांचे सहकारी त्रुओंग यांनी 1990 साली दाखविले. आणि समजा, उत्तर काढले. तोवर जहाजे हललेली असणार. माझ्या मते या विषयातील खरे शहाणपण सर्वोत्तम पाळीपत्रक शोधण्यात नाहीच. प्रत्येकाने आपापल्या कानावर विसंबून बरेसे पाळीपत्रक जमवावे आणि ते बिघडले की चटकन सुधारावे, यात ते आहे.

जहाजांनी नेमके हेच केले आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या नियमाप्रमाणे परदेशी जाणारे 300 टनांवरील प्रत्येक जहाज आणि सर्व उतारू जहाजे यांवर आपली ओळख आपोआप सांगणारे यंत्र हवे. हा नियम 2002 पासून टप्प्याटप्प्याने लागू झाला आणि 2004 अखेर पुरा झाला. या यंत्राच्या पाळ्यांची पद्धत स्वीडनचे हॉकान लान्स यांच्या नावाशी जोडली जाते. तिची घडण पाहण्यासारखी आहे.

एका मिनिटाचे 2250 खण पाडलेले आहेत. एक खण म्हणजे सेकंदाचा सुमारे सदतिसावा भाग. तेवढ्यात 256 अक्षरचिन्हे, म्हणजे शून्य किंवा एक अशी खूण, पाठविता येतात. जहाजाचा क्रमांक, अक्षांश, रेखांश, वेग, दिशा हे सारे त्यात बसते. अशा दोन लहरी आहेत, म्हणून मिनिटाला एकूण 4500 खण. घड्याळे जुळविण्याचे काम आकाशातील जी.पी.एस. उपग्रह करतात. नांगरून पडलेल्या जहाजाने तीन मिनिटांनी एकदा बोलावे, चौदा नॉटच्या आतील वेगाने सरळ जाणाऱ्याने दर दहा सेकंदांनी, आणि तेवीस नॉटच्या वर धावणाऱ्याने दर दोन सेकंदांनी. वळत असलेल्यानेही अधिक वेळा बोलावे. ज्याच्यापासून धोका अधिक त्याला पाळ्या अधिक. ही वाटणी मला फार न्याय्य वाटते.

आता पाटकऱ्यावाचून पाळी कशी मिळते ते पाहा. यंत्र सुरू झाले की ते प्रथम एक मिनिट काहीही न बोलता ऐकत राहते, आणि कोणते खण कोणी घेतले याचा तक्ता मनात मांडते. मग आपल्याला जेथे बोलावयाचे त्या सुमारास असलेल्या मोकळ्या खणांपैकी निदान चार खण उमेदवार म्हणून निवडते, आणि त्यांतून एक चिठ्ठी टाकल्यासारखा उचलते. पहिलाच मोकळा का घेत नाही? कारण शेजारी नव्याने आलेले दुसरे यंत्रही तेच करील आणि दोघे एकाच खणावर बसतील. जेथे सर्वांची बुद्धी सारखी असते तेथे दैवाचा हात लागतो.

खण घेतल्यावर यंत्र आपल्या प्रत्येक संदेशाच्या शेपटीला जोडून सांगते की हा खण मी अजून इतकी मिनिटे ठेवणार आहे. आणि सोडण्याची वेळ आली की, आता मी अमुक खणावर जाणार आहे. ऐकणारे सर्वजण आपापल्या तक्त्यात तशी नोंद करतात. म्हणजे जागा सांगण्याचा संदेशच पाळी राखण्याचे काम करतो. पाळ्यांसाठी वेगळा पत्रव्यवहार नाही.

एक खण तीन ते सात मिनिटे ठेवावयाचा आणि मग सोडावयाचाच, असा नियम आहे, आणि किती मिनिटे हेही चिठ्ठीनेच ठरते. चांगला मोकळा खण मिळाला असताना तो सोडावयाचा कशाला, असे पहिल्या वाचनात वाटते. कारण असे आहे. दोन जहाजे शंभर मैलांवर असताना दोघांनी एकच खण घेतला. त्यात काही बिघडले नाही. ती परस्परांकडे चालत आली आणि ऐकण्याच्या टापूत शिरली. आता दोघे नेमके एकाच क्षणी बोलतात, आणि स्वतः बोलताना ऐकू येत नाही, हे आपण पाहिलेच. तेव्हा ज्या दोन जहाजांनी एकमेकांना ऐकणे सर्वांत अगत्याचे तीच दोन एकमेकांना बहिरी! खण कायमचा असता तर ती तशीच समोरासमोर येत राहिली असती. खण वेगवेगळ्या वेळी सुटतात म्हणून काही मिनिटांत त्यांची फारकत होते आणि दोघांच्या पडद्यावर दोघे उमटतात.

आता गर्दीचे काय? सर्वच जहाजे दर दहा सेकंदांनी बोलतात असे धरले तर एकेकाला मिनिटाला सहा खण लागतात, आणि 4500 खण 750 जहाजांत संपतात. सिंगापूरच्या सामुद्रधुनीसारख्या ठिकाणी दाटी होणारच. तेव्हा मोकळा खण न मिळालेले यंत्र गप्प बसत नाही. आपल्यापासून अधिकात अधिक दूर असलेल्या जहाजाचा खण ते जाणूनबुजून घेते. येथे लहरींचा एक गुण कामाला येतो. या जातीच्या दोन लहरी एकदम आल्या आणि एक पुरेशी जोरदार असली, तर यंत्राला जोरदार लहर नीट वाचता येते व दुबळी दबून जाते. जवळच्याची लहर जोरदार असते. म्हणून गर्दी वाढली की ऐकण्याचा टापू कडेकडेने आकसतो, आणि जवळचे मात्र ऐकू येत राहते.

चाणाक्ष श्रोत्यांनी आता एक प्रश्न मनात धरला असेल. शेजाऱ्याच्या शेजाऱ्याचे काय झाले? प्रत्येक यंत्र स्वतःला ऐकू येणाऱ्यांचाच तक्ता ठेवते. शेजाऱ्याला आणखी कोण ऐकू येते हे ते विचारीत नाही. तेव्हा आपल्या त्या तीन जहाजांपैकी दोन टोकांनी एकच खण उचलला तर मधल्याच्या कानात गोंधळ होणारच. खरेच होतो. काटेकोर नियम पाळावयाचा तर प्रत्येकाने आपला तक्ता शेजाऱ्यांना वाचून दाखवावा लागेल, आणि त्या वाचनातच निम्मे खण खर्ची पडतील. योजकांनी हिशेब असा केला की एक संदेश बुडाला तर दहा सेकंदांनी दुसरा येतोच. सतत बुडणार नाही, कारण खण बदलत राहतात. आणि जो बुडतो तो बहुधा दूरच्याचा. टक्कर अशक्य करण्याऐवजी तिला निरुपद्रवी करण्याचा हा मार्ग आहे. कारखान्यात झडपा उघडण्याचे हुकूम बिनतारीने जातात तेथे मी हा सौदा पत्करणार नाही. तेथे केंद्रे हलत नाहीत, एखादा व्यवस्थापक नेमता येतो, आणि काटेकोर पाळीपत्रकच हवे. समुद्रावर मला हाच सौदा शहाणपणाचा वाटतो.

लहान होड्यांसाठी स्वस्त यंत्र निघाले आहे. ते पुढच्या पाळ्या राखीत नाही. खणाच्या सुरुवातीला क्षणभर कान देते, कोणी नसेल तर बोलते. तेही साधारण अर्ध्या मिनिटातून एकदा आणि कमी शक्तीने. मोठ्यांच्या पंगतीत रिकामे पान दिसले तर बसावे, असा त्याचा मान. आणि ज्या होडीवर कोणतेच यंत्र नाही ती पडद्यावर मुळीच उमटत नाही. म्हणूनच डोळ्यांनी व कानांनी पहारा ठेवण्याचा 1972 च्या सागरी नियमावलीतील पाचवा नियम तसाच कायम आहे.

या साऱ्या व्यवस्थेची एक विलक्षण परीक्षा वरून झाली. 12 जुलै 2010 रोजी श्रीहरिकोटाहून आपल्या पी.एस.एल.व्ही. अग्निबाणाने जे उपग्रह वर नेले, त्यांत नॉर्वेचा 'एआयएससॅट-1' हा वीतभर घनाचा, सहा किलोंच्या आसपासचा उपग्रह होता. जहाजांची ही बोलणी आकाशातून ऐकणे हे त्याचे काम. खाली जहाजाला वीस-तीस मैलांचे ऐकू येते. उपग्रहाला हजारो किलोमीटरचा समुद्र एकदम ऐकू येतो. शंभर मैलांवरचे दोघे एकच खण वापरतात ते तिसरा कोणी दोघांना ऐकत नाही या भरवशावर, आणि उपग्रह हा नेमका तोच तिसरा! नॉर्वेच्या उत्तरेकडील विरळ समुद्रावर त्याला चांगले ऐकू येई. जहाजांची दाटी असलेल्या समुद्रावरून जाताना मात्र अशा उपग्रहाच्या कानी शेकडो आवाजांचा कल्लोळ येतो. यावर तोड म्हणून दूरच्या ऐकणाऱ्यांसाठी दोन लहरी वेगळ्या राखून ठेवण्यात आल्या. त्यांवर मोठी जहाजे तीन मिनिटांनी एकदाच, 96 चिन्हांचा आखूड संदेश पाठवितात. आणि किनाऱ्यावरचे केंद्र ऐकत असल्याचे सांगेल तेथे तोही पाठवीत नाहीत.